दोन आणि दहा

२०१० साली ‘डेडली प्रिमॉनिशन’ नावाचा एक जपानी व्हिडिओ गेम अमेरिकेत आला. आयजीएन या गेमच्या संकेतस्थळाने त्याला दहापैकी २ गुण दिले, डिस्ट्रक्टॉइड या दुसऱ्या संकेतस्थळाने दहापैकी १०. दोन्हीकडच्या परीक्षकांनी एकच गेम खेळला होता आणि दोघांचंही म्हणणं खरं होतं. गाडी चालवणं हा त्या गेममध्ये खरोखरच छळ आहे. मारामारी कंटाळवाणी आहे आणि ग्राफिक्स त्या काळाच्या मानानेही जुनाट आहेत. पण खुनाचा तपास करायला आलेला एफबीआयचा तऱ्हेवाईक अधिकारी यॉर्क गाडी चालवता चालवता कुणा अदृश्य झॅकशी जुन्या सिनेमांच्या गप्पा मारायला लागतो, आणि हळूहळू खेळणाऱ्याला वाटायला लागतं की हा आपल्याशीच बोलतोय. गावातल्या प्रत्येकाचा आपापला दिनक्रम आहे. यॉर्कची दाढी केली नाही तर ती वाढत जाते, सूट बदलला नाही तर त्याच्याभोवती माश्या घोंगावतात. इतकं विचित्र आणि इतकं मनापासून केलेलं काम फार थोड्या गेममध्ये दिसतं.

परीक्षकांचे आकडे गोळा करून सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर या गेमची सरासरी साठीच्या घरात आहे. म्हणजे ‘बरा आहे’. या गेमबद्दल शंभर उलटसुलट गोष्टी म्हणता येतील आणि त्यातल्या बहुतेक खऱ्या असतील. पण तो ‘बरा’ आहे, हे मात्र तो खेळलेला माणूस क्वचितच म्हणेल.

मी गेमची परीक्षणं लिहिते आणि प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी दहापैकी एक आकडा देते. आकडा द्यावा की देऊ नये यावर परीक्षकांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालू आहे, आणि आकडा हेच सगळ्या दुखण्याचं मूळ आहे असं मानणारे पुष्कळ आहेत. मला तसं वाटत नाही. एका माणसाने पुरता खेळून, विचार करून, स्वतःच्या नावानिशी दिलेला आकडा ही उपयोगी आणि प्रामाणिक गोष्ट आहे. बिघडतं ते पुढे. पन्नास माणसांचे आकडे एकत्र ओतून त्यांची सरासरी काढली जाते आणि तीच त्या गेमची लायकी ठरते, तिथे.

गेमना गुण देण्याची रीत आली ती वस्तू पारखण्याच्या रीतीतून. १९८०च्या दशकात गेम विकत घेण्याआधी खेळून पाहण्याची सोय बहुतेकांना नव्हती. खोक्यावरचं चित्र आणि मासिकातले दोन-चार फोटो, एवढ्यावरच पैसे टाकायचे. ब्रिटनमधली ‘क्रॅश’ आणि ‘झॅप ६४’ ही मासिकं तेव्हा ग्राफिक्स, आवाज, खेळत राहावंसं वाटणं अशा एकेका अंगाला टक्के देत. अमेरिकेतल्या ‘गेमप्रो’ने गुणांच्या जोडीला चेहरेच छापले, खूश होऊन डोळे विस्फारलेला एक, पेंगुळलेला एक. वाचकाला मदत करण्याची तळमळ त्यामागे होती आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण फ्रिजची मोटर, दरवाजा आणि बर्फाचा कप्पा वेगवेगळे तपासता येतात तसा गेम तपासता येत नाही. ‘टेट्रिस’ला ग्राफिक्सचे किती गुण द्यायचे? पडणाऱ्या सात आकारांमध्ये सुधारायला काही शिल्लकच नाही.

१९९६चा पहिला ‘रेझिडंट ईव्हिल’ घ्या. कॅमेरा एका जागी खिळलेला, त्यामुळे वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. पात्र रणगाड्यासारखं जागच्या जागी वळवून मग पुढे न्यावं लागतं. प्रत्येक दार सावकाश, करकरत उघडतं, कारण तेवढ्या वेळात डिस्कवरून पुढची खोली लोड होत असते. कंट्रोल्सचे गुण वेगळे काढायचे म्हटले तर इथे कापावेच लागतील. आणि नेमकी तीच अडचण, ते न दिसणं, ते वेळेवर पळता न येणं, तीच भीती आहे. उणीव आणि ताकद एकाच जागी असली की वेगवेगळ्या अंगांची बेरीज करून हाती काहीच लागत नाही. म्हणून मी एकच आकडा देते, तोही पूर्णांकात. आयजीएनने २०१०मध्ये दशांश सोडून अर्ध्या-अर्ध्या गुणांची पट्टी धरली, २०१२मध्ये परत दशांश आणले आणि २०२०पासून सरळ पूर्णांक द्यायला सुरुवात केली. ८.३ आणि ८.४ यांच्यातला फरक मला कधीच कुणाला समजावून सांगता आला नसता, त्यामुळे त्यांचा हा शेवटचा मुक्काम मला पटतो.

खेळताना मी आकड्याचा विचार करत नाही. वहीत लिहिते ते प्रसंग. इथे कंटाळा आला, इथे उठून पाणी प्यायचं विसरले, हा बॉस (टप्प्याच्या शेवटचा बलाढ्य शत्रू) अन्याय करतोय की मला त्याच्या हालचाली अजून वाचता येत नाहीत, हा संवाद दुसऱ्यांदा ऐकू येतोय. गेम संपला की आधी मजकूर लिहून काढते, मग वर आकडा टाकते, आणि आकड्यासकट पुन्हा पहिल्यापासून वाचते. इथे आकड्याचं खरं काम सुरू होतं. वर ८ लिहिलेत आणि खाली पानभर तक्रारी आहेत, तर दोहोंपैकी एक खोटं आहे. कधी आकडा उतरतो. बऱ्याचदा मात्र असं दिसतं की तक्रारी लिहायला सोप्या म्हणून जास्त लिहिल्या गेल्या, आणि ज्या गोष्टीमुळे रात्री दोनपर्यंत कंट्रोलर खाली ठेवता आला नाही ती गोष्ट एका विशेषणात उरकली. मग ती गोष्ट नीट शब्दांत आणण्यासाठी पुन्हा बसावं लागतं. आकडा नसता तर मजकुरातला हा तोल गेलेला मला कळला नसता. म्हणून तो टाकून द्यायला मी तयार नाही.

ज्यांनी आकडा सोडला त्यांच्याकडेही चांगली कारणं होती. ‘कंप्युटर गेमिंग वर्ल्ड’ मासिकाने २००६मध्ये सोडला. युरोगेमर या संकेतस्थळाने २०१५मध्ये सोडून त्याजागी ‘शिफारस’, ‘टाळा’ अशा मोजक्या शिक्क्यांवर भागवलं. पॉलिगॉन या संकेतस्थळानेही २०१८मध्ये तेच केलं. वाचक थेट तळाशी जाऊन आकडा पाहतात, मजकूर वाचतच नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण युरोगेमर २०२३मध्ये पाच ताऱ्यांसह परत आलं. आकड्याशिवाय उत्तम परीक्षण लिहिता येतं यात शंका नाही. फक्त माझा अनुभव असा की आकडा नसला की लिहिणाऱ्याला लपायला जागा मिळते. ‘रंजक प्रयत्न’, ‘काहींना आवडेल’ अशा वाक्यांच्या आडोशाने पानभर चालत जाता येतं आणि शेवटी काहीच म्हटलेलं नसतं.

परीक्षण कोणत्या परिस्थितीत लिहिलं जातं हेही वाचकाला माहीत असायला हवं. मोठ्या गेमची प्रत प्रकाशनाच्या आठवडा-दोन आठवडे आधी परीक्षकाच्या हाती येते. सोबत एम्बार्गो, म्हणजे अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत एक अक्षरही छापायचं नाही. कथा संपवायलाच पन्नास-साठ तास लागणारा गेम आठवड्यात संपवायचा. जो वाचक तोच गेम रोज रात्री तासभर, तीन महिने खेळणार आहे त्याचा आणि माझा अनुभव एक कसा असेल? दहा ठिकाणांहून दहा औषधी वनस्पती आणून द्या, असं सांगणारा गेममधला एखादा उपद्रवी गावकरी मला वेळेचा चोर वाटतो. दिवसभराच्या कामानंतर खेळायला बसलेल्या माणसाला त्याच कामात विसावा मिळत असेल. हे ध्यानात ठेवून मी घाईमुळे आलेला वैताग आणि गेममुळे आलेला वैताग वेगळे करायचा प्रयत्न करते. ते पूर्ण वेगळे होत नाहीत.

जिथे गेम सर्व्हरवर चालतो तिथे तर प्रकाशनाआधी खेळलेला गेम वेगळाच असतो. मार्च २०१३मध्ये ‘सिमसिटी’ आला. तो कायम इंटरनेटला जोडलेला असणं सक्तीचं होतं. आधी मोजकेच परीक्षक खेळत होते तेव्हा सर्व्हर व्यवस्थित चालले आणि पॉलिगॉनने त्याला ९.५ दिले. प्रकाशनाच्या दिवशी लोकांची झुंबड उडाली, सर्व्हर कोसळले, लोकांनी पैसे मोजून घेतलेली शहरं उघडेनात. पॉलिगॉनने आकडा ८वर आणला, मग ४वर, आणि परिस्थिती सुधारल्यावर ६.५वर. तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. मला मात्र त्यांचं वागणं बरोबर वाटतं. प्रत्येक आकडा त्या त्या दिवशी वाचकाच्या हाती पडणाऱ्या गेमचा होता.

‘सायबरपंक २०७७’च्या वेळी, डिसेंबर २०२०मध्ये, परीक्षकांना आधी फक्त पीसीवरची प्रत मिळाली, आणि परीक्षणात स्वतः चित्रित केलेली दृश्यं दाखवायला मनाई होती. त्या पीसी प्रतीवरून सरासरी नव्वदच्या आसपास गेली. प्रत्यक्षात प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर गेम इतका अडखळत होता की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. तो परतला थेट जून २०२१मध्ये. परीक्षकांनी जे खेळलं त्याबद्दल खरंच लिहिलं होतं. पण ज्याच्याकडे जुना कन्सोल होता त्याला तो नव्वदचा आकडा कोणत्या यंत्रावरचा आहे हे समजायला मार्ग नव्हता. या प्रकरणाने मला फार अस्वस्थ केलं होतं, आणि त्यानंतर मी कोणत्याही परीक्षणात आकड्याच्या आधी यंत्राचं नाव लिहिते.

सातच्या खाली आकडा गेला की गेम वाईट, अशी समजूत सगळीकडे पक्की झाली आहे. त्याचं एक कारण साधं आहे. खरोखर टाकाऊ गेमची परीक्षणं कुणी लिहीत नाही, वेळच नसतो, म्हणून छापून येणारे आकडे वरच्या बाजूलाच गर्दी करतात. पण समजूत पक्की करायला मेटाक्रिटिकचे रंगही कारणीभूत आहेत. तिथे सिनेमाला ६१ गुण मिळाले की हिरवा रंग मिळतो. गेमला हिरव्यासाठी ७५ लागतात. एकाच संकेतस्थळावर सत्तर गुणांचा सिनेमा चांगला आणि सत्तर गुणांचा गेम बेताचा. ‘अमिगा पॉवर’ हे मासिक १९९१ ते १९९६ चाललं तेव्हा ५० टक्के म्हणजे मध्यम, हा आग्रह त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. मीही ५ हा मध्य धरते. त्यामुळे माझा ६ म्हणजे ‘यात काहीतरी आहे, आवड जुळली तर जरूर खेळा’. हे प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागतं, आणि ते मी न कंटाळता सांगते, कारण पट्टीचा खालचा अर्धा भाग वापरला नाही तर वरच्या भागाला अर्थ राहत नाही.

आता सरासरीकडे येते. मेटाक्रिटिक २००१मध्ये सुरू झालं. विखुरलेली परीक्षणं एका जागी मिळावीत ही कल्पना चांगलीच होती आणि आहे. तिथून मूळ लेखांपर्यंत जाता येतं, मीही जाते. पण सरासरी काढायची तर आधी सगळ्यांचे आकडे एका मापात बसवावे लागतात. कुणी तारे देतो, कुणी अक्षरं. ‘बी मायनस’ देणाऱ्या परीक्षकाच्या मनात ‘चांगला, पण थोडक्यात राहिला’ असं असतं. मेटाक्रिटिकवर त्याचे ६७ होतात. शिवाय कुठल्या प्रकाशनाचं वजन जास्त धरायचं हे मेटाक्रिटिक स्वतः ठरवतं आणि ती वजनं उघड करत नाही. एवढं सगळं होऊन जो आकडा बाहेर पडतो तो कुणाचाच नसतो. त्याला जाब विचारता येत नाही. ‘तुम्हाला असं का वाटलं?’ हा प्रश्न मला विचारता येतो, त्या आकड्याला नाही.

आणि त्या बेवारशी आकड्यावर माणसांचे पैसे ठरतात. ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ २०१०मध्ये आला. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियनला मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस मिळणार होता, असं तिथले लेखक क्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२मध्ये जाहीर सांगितलं. मिळाले ८४. एका गुणाने गेलं. आज तो गेम पात्रांच्या संवादांसाठी आणि खेळणाऱ्याच्या निवडींना दिलेल्या मोकळिकीसाठी लोक पुन्हा पुन्हा खेळतात, आणि प्रकाशनाच्या वेळी तो बगनी भरलेला होता हेही तितकंच खरं. ज्या परीक्षकांनी बगचे गुण कापले त्यांनी आपलं काम केलं. ८५ ही रेघ आखली कुणी तर करार लिहिणाऱ्यांनी. पण ही गोष्ट कळल्यापासून कुठल्याही छोट्या स्टुडिओच्या गेमला आकडा देताना एक क्षण हात थांबतो. ज्यांनी दोन-तीन वर्षं राबून तो बनवला त्यांची आठवण होते. मग मी पुन्हा वाचकाकडे बघते, कारण माझा शब्द त्याला दिलेला आहे. आकड्यात दया मिसळली तर उद्या माझ्या कौतुकावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

दबाव दुसऱ्या बाजूनेही येतो. नोव्हेंबर २००७मध्ये गेमस्पॉट या संकेतस्थळाचे परीक्षक जेफ गर्स्टमन यांना कामावरून काढलं गेलं. त्याच्या थोडंच आधी त्यांनी ‘केन अँड लिंच’ला ६ दिले होते आणि त्याच वेळी गेमस्पॉटच्या पानांवर त्या गेमच्या जाहिराती झळकत होत्या. या दोन गोष्टींचा संबंध होता हे त्यांनी २०१२मध्ये उघडपणे सांगितलं. सहा गुण म्हणजे काही धिक्कार नव्हे. तरीही एका आकड्यापायी नोकरी जाते, इतकं मोल त्या आकड्याला बाजाराने देऊन ठेवलं होतं.

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खेळणारेच मत देतात. तिथे आकडा नाही, फक्त अंगठा वर किंवा खाली. लोकशाही म्हणून मला ते आवडतं, आणि प्रत्येक मताशेजारी किती तास खेळलं ते दिसतं ही तर फार मोलाची माहिती आहे. चारशे तास खेळून अंगठा खाली करणाऱ्याचं म्हणणं मी लक्ष देऊन वाचते. पण तिथली टक्केवारी किती जणांना आवडला एवढंच सांगते, किती आवडला ते नाही. सगळ्यांना थोडा थोडा आवडलेला गेम तिथे वर जातो. चौघांपैकी तिघांना जिवापाड आवडलेला आणि चौथ्याला असह्य झालेला त्याच्या खाली राहतो. शिवाय झुंडी येतात. जून २०२०मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ आला तेव्हा वीस-पंचवीस तासांचा तो गेम कुणाचा संपणंही शक्य नव्हतं, त्याआधीच मेटाक्रिटिकवर, जिथे खेळणारेही गुण देऊ शकतात, शून्यांचा पाऊस पडला. पुढच्याच महिन्यात तिथे वापरणाऱ्यांच्या परीक्षणांसाठी प्रकाशनापासून ३६ तास थांबण्याचा नियम आला.

मला सर्वांत जवळची वाटते ती जपानच्या ‘फामित्सू’ मासिकाची जुनी पद्धत. एका गेमला चार परीक्षक. प्रत्येकाचं छोटंसं टिपण आणि दहापैकी स्वतःचा आकडा. एकाने ९ दिले आणि शेजारच्याने ६, तर ते तसंच शेजारी-शेजारी छापलं जातं, आणि वाचक दोघांचे शब्द वाचून आपण कुणासारखे आहोत ते ठरवतो. त्या चौघांची बेरीज करून चाळीसपैकी आकडाही दिला जातो आणि बाहेरच्या जगात नाव होतं ते त्याचंच. १९९८मध्ये ‘ऑकरिना ऑफ टाइम’ या गेमला पहिल्यांदा ४० मिळाले ही गोष्ट गेमच्या इतिहासात कोरली गेली आहे. पण पानावर आधी चार वेगळे आवाज दिसतात, बेरीज नंतर. असं पान प्रत्येक गेमला मिळालं असतं तर ‘डेडली प्रिमॉनिशन’चा २ आणि १० एकमेकांशेजारी उभे राहिले असते आणि कुणाला त्यांच्या मधला रस्ता शोधावासा वाटला नसता.

काळाचा प्रश्न उरतो. पुस्तक छापलं की ते तेच राहतं, गेम राहत नाही. ‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६मध्ये आला तेव्हा आधी बोलून दाखवलेलं बरंच काही त्यात नव्हतं, आणि खेळणाऱ्यांचा राग योग्यच होता. बनवणारे पळाले नाहीत. वर्षानुवर्षं मोफत अपडेट देत राहिले, २०१८मध्ये खऱ्या अर्थाने एकत्र खेळता यायला लागलं, आणि २०२४मध्ये स्टीमवरचा एकूण कौल ‘व्हेरी पॉझिटिव्ह’पर्यंत पोचला. २०१६चं परीक्षण आज खोटं ठरत नाही, ते त्या दिवसाचं आहे. मी जुना आकडा कधी खोडत नाही. गेम खरंच बदलला असेल तर पुन्हा खेळून नवं परीक्षण लिहिते, नव्या तारखेसह, आणि जुनं तिथेच राहू देते. दोन्हींवर यंत्र, आवृत्ती, किती तास, कोणत्या अवघडपणावर, हे सगळं असतं.

एम्बार्गो उठला की मी सरासरी उघडत नाही. माझ्यापासून सर्वांत लांबचा आकडा कुणी दिलाय ते शोधते आणि तो लेख आधी वाचते. त्या माणसाने गेम लपतछपत खेळलेला असतो आणि मी मारत सुटलेली असते, किंवा त्याने कथेतले संवाद सोडून दिलेले असतात आणि मी प्रत्येक पात्राशी बोलत बसलेली असते. कधी कधी आमच्यात असा काही फरक सापडत नाही, तरी त्याचे ४ आणि माझे ९ तसेच राहतात. लेख चांगला असेल तर माझ्या परीक्षणाच्या शेवटी, आकड्याच्या लगेच खाली, मी त्याचं नाव आणि त्याचा आकडा लिहिते.